उजवा डोळा, वजा चव्वेचाळीस

सोलापूर, ३ जून २०२४
अंगणात ४२, भट्टीत १४५० (माझ्या डोळ्यानं)

चि. उत्कर्षा,

वर तापमान लिहिलं की खुशाली लिहिली, हे तुझ्या होस्टेलच्या दिवसांपासून आपलं ठरलेलं. तू फोनवर मामीशी बोलतेस, पण ती मला जे सांगते त्यातलं निम्मं माझ्या कानापर्यंत पोचत नाही आणि उरलेलं निम्मं तिनं स्वतःचं घातलेलं असतं. एकतीस वर्षं भट्टीपाशी उभं राहून कान गेले ते गेलेच. मामा-भाचीचं पत्रच बरं.

तुझं मागचं पत्र मिळालं. शाई बदललीस का? पूर्वी काळपट असायची, आता निळीशार दिसते. छान दिसते, हीच ठेव.

आता कामाचं. आमच्या फाउंड्रीत एक बंदूक आली आहे. तिच्यातून गोळी सुटत नाही, तापमान दिसतं. लांब उभं राहून वितळलेल्या लोखंडावर नेम धरायचा, की मागच्या पडद्यावर आकडा येतो. लोखंडातून डोळ्याला न दिसणारा जो उजेड निघतो तो मोजते म्हणे. ती आणली हृषीकेशनं. हा बार्शीचा, जानेवारीपासून आमचा क्वालिटी इंजिनिअर. माणूस सालस आहे, पण बंदुकीवर एवढा जीव की जेवतानाही डब्याशेजारी ठेवतो.

पहिल्याच दिवशी मी निळी काच डोळ्याला लावून भट्टीत बघितलं आणि म्हणालो, साडेचौदाशे. बंदूक म्हणाली, बाराशे सत्तर. बाराशे सत्तरचं लोखंड ओतलं असतं तर साच्याच्या तोंडातच गोठलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. हृषीकेश म्हणाला, "मामा, मशीन कशाला खोटं बोलंल?" आणि बंदुकीत चौदाशे दिसेपर्यंत तापवायला लावलं. बंदुकीचा आकडा साडेतेराशेला पोचता पोचता भट्टीचं अस्तर सुटायला लागलं. ओतलं, तर त्या अति तापलेल्या लोखंडानं साच्याची वाळूच धरून ठेवली. सगळी कास्टिंगं खरखरीत, हात लावायची सोय नाही.

सिद्धलिंगप्पा मालक धावत आले. मी म्हणालो, बंदूक खोटी. हृषीकेश म्हणाला, मग मे महिन्यातला पंपाच्या बॉडीचा लॉट कसा गेला? तो लॉट माझ्या शब्दावर ओतला होता, आणि दोन्हीकडून आलेलं लोखंड मधे नीट मिळालं नव्हतं, भेगेसारखी रेघ राहिली होती. लोखंड थंड पडलं की तसं होतं. पण त्या दिवशी वाळू ओली असणार, माझा डोळा चुकत नाही. पूर्वी लोखंडात बुडवून बघायची कांडी होती आमच्याकडे. तिचं टोक दर खेपेला जळून जातं आणि नवं लावावं लागतं. ती टोकं आणणं मालकांनी पाच वर्षांपूर्वी बंद केलं, का? तर रावजीचा डोळा आहे म्हणून.

मालकांनी निवाडा दिला: "बंदूक पुण्याला तपासू. जो खोटा निघंल त्यानं भट्टीवरनं खाली उतरायचं." तुझ्याच लॅबचं नाव मी सुचवलं. नीट तपास आणि ती खोटी आहे असा कागद दे. ती खोटीच आहे, तुला वेगळं काही करावं लागणार नाही.

तुझा,
रावजीमामा


पुणे, १९ जून २०२४
लॅबमध्ये २३ (कायम), बाहेर २८

प्रिय मामा,

आधी शाईचं. मी काहीच बदललेलं नाही. दहावीला तुम्ही दिलेलं तेच पेन आणि तीच निळी शाई. तुम्हालाच आज ती आवडायला लागली, एवढंच!

बंदूक आली. ती आम्ही कशी तपासतो ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्यावर विश्वास राहील. आमच्याकडे एक छोटी भट्टी आहे, तुमच्या भट्टीपुढे खेळण्यातली. तिच्या आत एक लांबट काळं मडकं आणि त्याला बोटभर तोंड. मडकं आतून सगळीकडे सारखं तापलं की तळ कुठला आणि बाजू कुठली ते कळेनासं होतं, नुसता एकसारखा उजेड दिसतो. तुम्हीच मला दाखवलं होतं ना, नवं अस्तर भाजताना भट्टी नीट तापली की विटांचे सांधे दिसेनासे होतात? तेच हे. त्या तापमानाला यापेक्षा जास्त उजेड कुठलीच वस्तू देऊ शकत नाही, म्हणून जगभर बंदुका अशा मडक्यासमोरच तपासतात. मडक्याचं खरं तापमान आमच्या लॅबचं मोठं यंत्र सांगतं, आणि त्या यंत्राची तपासणी दिल्लीला होते.

तुमची बंदूक अकराशे, बाराशे, तेराशे आणि चौदाशेला तपासली. सगळ्यात मोठी चूक दोन अंशांची.

मामा, बंदूक खरी आहे. मी तीनदा तपासली. तिसऱ्यांदा तर जेवणाची सुट्टी सोडून, फक्त तुमच्यासाठी. कागदावर तेच लिहिलंय आणि खाली सही माझी आहे. दुसरं काही लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं असंही मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हालाच आवडलं नसतं.

वाळू ओली होती हे मात्र मला पटतं. रागावू नका. मामीला म्हणावं शेंगाची चटणी संपली.

तुमची,
उत्कर्षा


सोलापूर, २ जुलै २०२४
अंगणात ३४, भट्टीतलं माहीत नाही

चि. उत्कर्षा,

तुझा कागद मालकांच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. सही छान आली आहे.

मी आता पॅटर्नच्या खोलीत बसतो. लाकडी साचे मोजायचे, कुणी मागितला तर काढून द्यायचा, परत आला की जागेवर ठेवायचा. पंखा आहे. दुपारचा डबा वेळेवर खातो, म्हणून मामी खूश आहे. काल म्हणाली, "एवढ्या वर्सांत पयल्यांदा तुमच्या अंगाला जळका वास येत न्हाय." मला तोच वास बरा वाटायचा, पण तिला कशाला सांगा.

भट्टीवर हृषीकेश बंदुकीनं बघतो आणि आपलं आपणच पन्नास-शंभर अंश मिळवून ओतायला सांगतो. एक दिवस जमतं, एक दिवस फसतं. मला विचारायला येतो, पण मी म्हणतो, मशीनला विचार.

तू खरं लिहिलंस. तुझ्यावर राग नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बंदुकीला कागद मिळाला, डोळ्याला कोण देणार?

चटणी मामी पाठवते आहे.

रावजीमामा


पुणे, ६ जुलै २०२४
लॅबमध्ये २३

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचलं. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, ती आधी सांगते.

बंदुकीच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो. तुमची बंदूक आली तेव्हा तिथे ०.९५ होतं. तपासताना आम्ही तो एकवर नेतो, आणि झालं की जसा होता तसा परत ठेवतो. मी तसाच परत ठेवला. ही बंदूक वितळलेल्या लोखंडावर वापरतात हे मला माहीत होतं, आणि लोखंडाला ०.९५ चालत नाही हेही माहीत होतं. तरी मी चिठ्ठी लिहिली नाही. कारण पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर तुमची फाउंड्री होती, आणि मामाची बाजू घेतली असं लॅबमध्ये कुणी म्हणू नये याची मला भीती वाटली. नियमात राहून मी चुकले. मला माफ करा.

आता तो आकडा काय ते ऐका. काळं मडकं शंभर हिस्से उजेड देत असेल तर त्याच तापमानाचं स्वच्छ वितळलेलं लोखंड जेमतेम चाळीस हिस्से देतं. ते चकचकीत असतं ना, भांड्यासारखं, म्हणून. बंदुकीला आपण सांगून ठेवलंय की समोरची वस्तू पंचाण्णव हिस्से देते. मग चाळीसच आले की ती बिचारी समजते, वस्तू थंड आहे. लोखंडावर स्लॅगची, म्हणजे तरंगत्या मळीची, साय असली की उजेड जास्त येतो, म्हणून आकडा चढतो. हृषीकेश एक दिवस सायीवर नेम धरत असेल, एक दिवस स्वच्छ लोखंडावर. म्हणून त्याचं कधी जमतं, कधी फसतं.

एक करून बघा. मालकांना उभं करा. आधी स्लॅगवर नेम धरा, मग स्लॅग बाजूला ओढून लगेच स्वच्छ लोखंडावर धरा. एका दमात लोखंड काही गार होत नाही, पण आकडा ऐंशी-नव्वदनं कोसळेल. मग जुनी कांडी बुडवून खरं तापमान घ्या आणि बंदुकीत तेच दिसेपर्यंत कोपऱ्यातला आकडा खाली आणा, ०.४०च्या आसपास येईल. हे सगळं मी फाउंड्रीलाही लॅबच्या कागदावर लिहून पाठवलंय, या वेळी साहेबांना सांगून.

पॅटर्नच्या खोलीतून बाहेर या. मला तुमचा तो जळका वास माहीत आहे आणि आवडतो.

उत्कर्षा


सोलापूर, २२ जुलै २०२४
अंगणात ३१, भट्टीत १४०५ की १४५०, वाद चालू

चि. उत्कर्षा,

माफी कसली मागतेस? तुझं पत्र मी पॅटर्नच्या खोलीत उभ्यानं वाचलं आणि तसाच भट्टीवर गेलो.

मालकांनी कुठूनतरी जुन्या कांडीची तीन टोकं पैदा केली. सगळी फाउंड्री गोळा झाली. हृषीकेशनं स्लॅगवर नेम धरला: तेराशे बेचाळीस. मी स्लॅग ओढली. त्यानं लगेच धरला: बाराशे सत्तावन्न. आधी मालकच हसायला लागले. "अरे, बंदूक हाय का पंचांग? मागेल तसं सांगतंय!" हृषीकेशचं तोंड उतरलं होतं, पण माणूस खरा. सगळ्यांदेखत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मामा, चुकलं माझं. तिला काय विचारायचं तेच मला ठाऊक नव्हतं." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. कांडी बुडवून त्यानं कोपऱ्यातला आकडा ०.४० केला, आणि तेव्हापासून बंदूक सुतासारखी सरळ चालते आहे.

इथपर्यंत सगळं गोड झालं. मग मालक म्हणाले, "रावजी, कांडी वाचायच्या आधी तू बोल." मी निळ्या काचेतून बघितलं आणि साडेचौदाशे म्हणालो. कांडी म्हणाली, चौदाशे पाच. दुसऱ्या हीटला, नवं लोखंड वितळल्यावर, मी चौदाशे सत्तर, कांडी चौदाशे अठ्ठावीस. तिसऱ्याला मी चौदाशे तीस, कांडी तेराशे चौऱ्याऐंशी.

टोकं पाच वर्षं डब्यात पडून होती. सादळली असणार. तू जाणकार आहेस म्हणून विचारतो, टोकं सादळतात ना? मालकांनी मला भट्टीवर परत घेतलं आहे, पण नवी टोकं येईपर्यंत शेवटचा शब्द बंदुकीचा. नवी टोकं महिनाभरात येतील. तोवर तुझं उत्तर आलं तर बरं.

रावजीमामा


पुणे, २८ जुलै २०२४
लॅबमध्ये २३

प्रिय मामा,

टोकं सादळतात. पण सादळलेलं टोक एकदा काहीही सांगतं आणि दुसऱ्यांदा काहीतरी भलतंच. तुमच्या तीन टोकांचा फरक पंचेचाळीस, बेचाळीस आणि सेहेचाळीस आहे. तीन ओली टोकं इतकी एकमतानं वागत नाहीत. टोकं बरोबर होती, मामा. चुकला तो डोळा.

एवढ्यावरच मी पत्र संपवणार होते. पण मग मला तुमचं जूनचं पत्र आठवलं, त्यातलं शाईचं वाक्य. मी ते पत्र काढून पुन्हा वाचलं आणि सरळ मामीला फोन लावला. विचारलं, मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? मामी म्हणाली, "अगं, मार्चातच केलं की शिबिरात, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदू. पोरीला सांगायचं न्हाय म्हणून मला शपथ घातलीया. आता मी कुटं सांगितलं? तूच वळखलंस."

मला का नाही सांगितलंत? पुण्याहून सोलापूर काय लांब आहे?

असो, रागावणं नंतर. आधी डोळ्याचं ऐका. मोतीबिंदू होताना डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, चहाचा डाग पडल्यासारखं. ते निळा रंग अडवतं. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. तुम्ही कित्येक वर्षं त्या पिवळ्या भिंगातून लोखंड बघत होता आणि त्याच्याप्रमाणे आकडे सांगत होता, म्हणून बरोबर येत होते. मार्चमध्ये डॉक्टरांनी पिवळं काढून लख्ख भिंग बसवलं. आता लोखंड पांढरं, निळसर, जास्त तेजाचं दिसतं, आणि तुम्हाला वाटतं, तापलं! निळी काचही तुम्ही उजव्याच डोळ्याला लावता. मे महिन्यातला पंपाचा लॉट त्याच्यामुळे थंड पडला. वाळू ओली नव्हती.

तुम्हाला लागेल हे मला कळतं. पण एक गोष्ट पक्की समजा. दर वेळी तेवढंच चुकणाऱ्या यंत्राला आमच्याकडे कुणी वाईट म्हणत नाही. त्याची चूक मोजून कागदावर लिहितो, आणि ते पुढे वर्षानुवर्षं चालतं. डोळ्याला कागद कोण देणार, असं विचारलं होतंत ना? मी देते. मडक्यासमोर नाही, ती चूक एकदा झाली. ज्या लोखंडावर बघायचं त्याच्यावरच तपासायचं. नवी टोकं मी घेऊन येते. १७ ऑगस्टला शनिवार आहे.

फक्त त्याआधी मालकांना ऑपरेशनचं सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा.

उत्कर्षा


सोलापूर, ६ ऑगस्ट २०२४
अंगणात ३०

चि. उत्कर्षा,

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी मामीशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनं ज्वारीची कडक भाकरी पुढं ठेवली आणि म्हणाली, "आता दातानं तरी बोला." मग हसू आलं.

का नाही सांगितलं, तर भीतीनं. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर भट्टीपुढे जायचं नाही. मी नवव्या दिवशी गेलो. डोळा बिघडलेला माणूस भट्टीवर कोण ठेवतो? आणि तुला कळलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस आणि मला महिनाभर घरात कोंडलं असतंस. मी करकंबहून आलो तेव्हा या हातांना खुरप्याशिवाय काही येत नव्हतं. डोळ्यानं मला माणसात आणलं. तोच चुकतो म्हटल्यावर मी उरतो कुठं, असं वाटत होतं.

काल मालकांना सांगितलं. पंपाच्या लॉटचंही सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. पण ते म्हणाले, "रावजी, जळलेली मोटार भरून आणली तर रजिस्टरात लिवतो आपण. डोळा बदलला तर लिवायचं न्हाय व्हय?" आणि स्वतः रजिस्टर काढून त्यात लिहिलं: रावजी, उजवा डोळा, नवीन भिंग, मार्च.

ये तू. मामीनं आत्तापासून शेंगा भाजायला घेतल्या आहेत.

रावजीमामा


पुणे, २१ ऑगस्ट २०२४
लॅबमध्ये २३, माझ्या डोक्यात १४००

प्रिय मामा,

सोबत कागद पाठवते आहे. लॅबचा नाही, साधाच आहे, पण आकडे खरे आहेत. आधी तो वाचा.

उपकरण: डोळा, उजवा. बनावट: करकंब. तपासणी: बारा वेळा, वितळलेल्या लोखंडावर, आकडा बोलल्यानंतरच कांडी वाचून. सुधारणा: वजा ४४ अंश. भरवसा: अधिक-उणे १२ अंश.

उपकरण: डोळा, डावा. बनावट: तीच. सुधारणा: काही नाही.

मामा, शनिवारी तुम्ही उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलंत आणि चौदाशे दहा म्हणालात, आणि कांडीवर चौदाशे आठ आलं, तेव्हा हृषीकेशनं मारलेली शिट्टी तुम्हाला ऐकू आली नसेल. सगळ्यांना आली. डाव्यात अजून जुनं पिवळं भिंग आहे, म्हणून त्याचे आकडे जुन्यासारखेच बरोबर येतात. तुमचं एकतीस वर्षांचं शिक्षण कुठे गेलेलं नाही, तिथेच आहे. त्या दिवशी मला तुमचा किती अभिमान वाटला ते तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आता भांडण. जेवताना तुम्ही जाहीर केलंत, की दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ते करणार नाही, कारण तो चांगला आहे. मी चार वेळा बोलले आणि चारही वेळा तुम्हाला ऐकू आलं नाही. मामी म्हणते, तुमचे कान सोयीप्रमाणे बंद होतात. पत्र तसं बंद होत नाही, म्हणून इथे सांगते.

उजवा डोळा मिटून तुम्ही भट्टीच्या ओट्यावर चढलात तेव्हा तुम्हाला पायरी दिसली नाही. हृषीकेशनं दंड धरला म्हणून निभावलं. समोर दीड टन वितळलेलं लोखंड होतं. मी कागद हातात धरून उभी होते. चौदाशे दहा आणि चौदाशे आठ सगळ्यांना आठवतंय, मला ती पायरी आठवते.

तुमच्या हातात अजून अडीच महिने आहेत. डाव्या डोळ्याला आणि सुधारलेल्या बंदुकीला एकाच वेळी घेऊन हृषीकेशला लोखंड बघायला शिकवा. पण ओट्यावर चढताना दोन्ही डोळे उघडे ठेवा. मग ऑपरेशन करा आणि या वेळी पूर्ण महिना घरी बसा. नंतर नव्या डोळ्यांची सुधारणा आपण पुन्हा काढू. डोळा गेला की कागदाचा उपयोग नाही, मामा. आणि मला तुम्ही हवे आहात, आकडे नकोत.

उत्कर्षा


सोलापूर, १५ डिसेंबर २०२४
अंगणात १७, भट्टीत १४१२ (तिघांच्या मते)

चि. उत्कर्षा,

वरचे तिघे म्हणजे मी, हृषीकेश आणि बंदूक.

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते करूनच दाखवायचं होतं. मामीकडून तुला सगळं कळत होतंच. दिवाळीपर्यंत हृषीकेशला रोज निळी काच दिली. आधी तो बोलायचा, मग मी डाव्या डोळ्यानं, मग बंदूक. पहिल्या आठवड्यात तो ऐंशीनं चुकायचा. स्लॅग ओढल्यावर लोखंड गार झालेलं नसतं, फक्त काळवंडलेलं दिसतं, हे त्याला सांगून पटत नव्हतं, ते त्यानं स्वतः शंभर वेळा बघितलं तेव्हा डोक्यात बसलं. दिवाळीच्या आधल्या दिवशी पंधरा अंशांत आला. मालकांनी त्याला पेढा दिला आणि मला दोन.

मग ऑपरेशन केलं. महिनाभर घरी बसलो, एकही दिवस चुकवला नाही, मामीची साक्ष घे. पट्टी काढली त्या दिवशी मामी समोर आली. मी म्हणालो, जांभळी साडी कधी घेतलीस? ती म्हणाली, "पाच वर्सं नेसतीया. तुमी कापी कलरची म्हणत हुता. जांबळी हाय, जांबळी हाय म्हणून घसा सुकला माजा." मी बघतच राहिलो. जांभळ्यात ती छान दिसते. तेही सांगितलं, तर लाजली आणि आत निघून गेली.

काल भट्टीवर गेलो. मालक, हृषीकेश, सगळे उभे. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं, त्यामुळे लोखंड म्हणजे नुसता पांढरा लखलखाट. हृषीकेशनं मोठ्यानं विचारलं, "मामा, किती?" मी म्हणालो, चौदाशे छप्पन्न, वजा चव्वेचाळीस. बंदुकीवर आकडा आला: चौदाशे बारा. हृषीकेशनं स्वतःचा अंदाज आधीच खडूनं ओट्यावर लिहून ठेवला होता, तोही चौदाशे बारा. मालकांनी तुझा कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला, बंदुकीच्या कागदाशेजारी. त्याच्यावर पुढच्या तपासणीची तारीख नाही म्हणून ते कुरकुरतात. डाव्या डोळ्याचंही आता नव्यानं काढावं लागेल. तेव्हा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ये आणि दोन्ही कामं करून जा.

आज सुट्टी आहे. सकाळपासून तुझी जुनी पत्रं काढून बसलो आहे. होस्टेलमधलं पहिलं पत्र, नोकरी लागली तेव्हाचं, माझ्या आजारपणात लिहिलेलं ते लांबलचक. मला वाटायचं, पोरगी काळ्या शाईनं लिहिते. मामीला बोलावून एकेक दाखवलं, सगळी निळी आहेत. सगळी पहिल्यापासून निळीच होती गं.

तुझा,
रावजीमामा